एकाच कुशीवर

“जखम फक्त उजव्या बाजूला आहे. म्हणजे यांनी कूस बदललीच नाही,” मोबाइलमधले फोटो मोठे करून पाहत वकील निकिता म्हणाली. “जफरभाई, केस पक्की आहे.”

जफरला हायसं वाटलं. आईच्या खुब्यावरची ती जखम पाहिल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

पांढरकवड्यात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. अम्मीला, कमरुन्निसाला, फालिज झालं, अंग लुळं पडलं आणि ती अंथरुणाला खिळली. बोलणंही गेलं. त्याची बायको मेहनाज एकटी, तिला अम्मीला उचलणं होईना. म्हणून त्याने अम्मीला यवतमाळच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं आणि मोहल्ल्याला चघळायला विषय मिळाला. ‘आईले टाकून आला’ असं तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. मशिदीतून निघताना पाठीमागे म्हणत होते, आणि पाठीमागचं बोलणं माणसाला बरोबर ऐकू येतं.

“मले पैसे नाही पाहिजे मॅडम,” तो म्हणाला. “अम्मीची ही हालत कोणं केली, ते चार लोकाईसमोर कबूल झालं पाहिजे. बस.”

“पोलिसात जाता येते. निष्काळजीपणाचा गुन्हा होतो, पण त्याला डॉक्टरांचं मत लागते, वेळ लागते. मी म्हणते, ग्राहक आयोगात जाऊ. फी घेतली अन् सेवा दिली नाही, इतकी सरळ गोष्ट आहे. केंद्राची तपासणी करा म्हणून सरकारकडे तक्रार वेगळी. पण पहिले नोटीस पाठवू.”

“अन् ते म्हणाले, आमी त कूस बदलूनच राह्यलो होतो, त मंग?”

“तर जखम खोटं बोलते काय?” निकिता हसली. बऱ्याच दिवसांनी जफरही हसला.

जखम दिसली त्याच दिवशी त्याने अम्मीला घरी आणलं होतं, आणि तिथे तिचं आता बरं चाललं होतं. हवेची गादी आणली होती. तो आणि मेहनाज मिळून तिला कुशीवर वळवत. सरकारी दवाखान्यातली नर्स येऊन पट्टी बदलायची, जखम भरत आली होती. परवा अम्मी चक्क “पानी” म्हणाली. जफर पाण्याचा ग्लास घेऊन नुसता उभाच राहिला, तेव्हा मेहनाजने तो त्याच्या हातातून ओढून घेतला.

खरं तर अम्मी आज आहे हीच अल्लाची मेहरबानी. केंद्रात गेल्यावर थोड्याच दिवसांत तिला जबर ताप चढला होता. डॉक्टरांनी हात टेकले. ढाणकीहून नातेवाईक जीप करून आले, शेवटच्या घटकेला पढतात ती कुराणातली यासीन उशाशी पढली गेली, बायका रडू लागल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, अम्मीने डोळे उघडले! जफरने आनंदाच्या भरात केंद्रातल्या आयांपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले होते.

पुढे दर शुक्रवारी तो गॅरेज बंद ठेवून जायचा. अम्मीचं तोंड खिडकीकडे असायचं, तो तिथेच स्टूल ओढून बसायचा. ती आपलीच वाट पाहत असते, असं त्याला वाटे. अंगावरच्या चादरीखाली काय चाललंय, हे त्याला कसं कळावं? ज्यांना कळायला हवं होतं त्यांनी पाहिलं नाही. याचाच त्याला संताप होता.

नोटीस गेली. केंद्र चालवणारे सदाशिवराव स्वतःच निकिताच्या ऑफिसात आले. सोबत अम्मीची आया सुखीबाई. जफरनेही मुद्दाम जमीरचाचांना आणलं होतं. मोहल्ल्यातली कुठलीही बातमी चाचांच्या तोंडून निघाल्याशिवाय खरी होत नसे.

“काय चुकलं ते मले समजून घ्यायचं आहे,” सदाशिवराव म्हणाले. “मी या बाईले अजून काही विचारलं नाही. तुमीच विचारा.”

निकिताने सुखीबाईला पाणी दिलं. मग विचारलं, “झोपून असलेल्या पेशंटची कूस बदलावी लागते, माहीत आहे ना?”

“हो मॅडम. साऱ्याईची बदलतो आमी.”

“अन् कमरुन्निसाबाईंची?”

सुखीबाई लुगड्याचा पदर चाचपत राहिली. “नाही बदलली,” ती हळूच म्हणाली. “एकडावही नाही.”

झालं. जफरने डोळे मिटून घेतले. कोणाची तरी चूक ऐकून इतकं बरं वाटावं, याची त्याला थोडी लाजही वाटली, पण वाटलं बरंच. जमीरचाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “माफ कर बेटा,” ते कानात म्हणाले. “हम लोग भी क्या क्या बोल गये.” उद्या हेच सगळ्या मोहल्ल्यात होणार होतं. आता पुढे केस करायची की नाही, त्याचंही त्याला काही राहिलं नव्हतं.

“पण काहून?” निकिता सुखीबाईला म्हणाली. “बाकी सगळ्यांची बदलता, मग यांचीच काहून नाही?”

सुखीबाईने गोंधळून जफरकडे पाहिलं. हे विचारायची काय गरज, असाच तिचा चेहरा होता.

“भाऊनंच त सांगतलं होतं. ज्या दिवशी बाईचा जीव जाऊन राह्यला होता, सारे रडून राह्यले होते, तवा मले जवळ बोलावून म्हणाले, ‘अम्मीचं तोंड काब्याकडे केलं आहे, आता कोणी फिरवू नका.’ तुमच्या धर्माची गोष्ट, ते आमी कसं मोडावं? मंग बाई वाचल्या. पण आता फिरवा, असं कोणी सांगतलंच नाही.”