खिडकीजवळची खुर्ची

"माझं नाव खोडा," लेक म्हणाली आणि वकीलबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं.

उभ्या आयुष्याचं शिलाईचं दुकान बाबांनी विकलं होतं ते थोरल्या मुलासाठी. आलेला पैसा ट्रस्टमध्ये ठेवायचा, म्हणजे आपल्यामागे त्याचं खाणंपिणं, औषधपाणी त्यातून चालत राहील. थोरला चाळिशीला आला तरी त्याला पैशातलं काही कळत नव्हतं. कोणीही गोड बोलावं आणि त्याचा खिसा रिकामा करावा. त्याचा पैसा सांभाळणारं विश्वस्त माणूस सख्खंच हवं. आणि सख्खं दुसरं होतं कोण? म्हणून कागदावर विश्वस्त म्हणून धाकट्या लेकीचं नाव घातलं होतं.

तशी धाकटी पडतं घेणाऱ्यातली कधीच नव्हती. बहीणभावाचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. घरातली खिडकीजवळची खुर्ची कोणाची, यावरून ती माहेरी आली की दोघं अजून घर डोक्यावर घेत. आज इथेही आल्या आल्या तिने खिडकीजवळची खुर्ची पटकावली होती आणि थोरला गाल फुगवून बसला होता. "त्याला कळत नाही, तू तरी सोड," असं सांगून सांगून बाबांच्या जिभेला फोड यायची वेळ आली होती.

"एवढा जड झाला का गं तुला भाऊ?" बाबांनी विचारलं.

"जड कशाला होईल? आजपासून माझ्याकडे राहू दे त्याला. फक्त पैशाचं आतेभावाकडे द्या, तो व्यवहाराला चोख आहे. काही लागलं तर आम्ही दोघं मिळून त्याच्याकडे मागू." ती क्षणभर थांबली. "बाबा, दादा मोठा आहे माझ्याहून. चपलेसाठीसुद्धा माझ्यापुढे हात पसरावा लागला, तर तो माझ्याशी भांडेल का?"

सगळं जग बाबांच्या पोराला गोंजारत आलं होतं. त्याच्याशी बरोबरीने भांडणारं एकच माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच ते इतकी वर्षं दटावत आले होते.

तेवढ्यात थोरला उठला आणि बहिणीचा खांदा ढोसत म्हणाला, "ऊठ. माझी खुर्ची."

"नाही उठत. काय करशील?"

सवयीने बाबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि डोळे पुसत ते वकीलबाईंकडे वळले.

"खोडा बाई हिचं नाव."