कागदावरचा थेंब

“अगं, झोपलेलं लेकरू उचलावं तसा धर त्याला,” प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारा म्हातारा फर्गस तिला पहिल्या दिवशी म्हणाला होता. वीस वर्षं झाली, तरी एल्स्पेथच्या हातांना तो आवाज ऐकू येई. औषध अंगात किती उतरलं हे पाहायला तेव्हा इतकं रक्त काढावं लागे, की एका प्रयोगाला साठ उंदीर लागत. तिने भांडभांडून नवी रीत आणली. शेपटीतून नुसता एक थेंब घ्यायचा, कागदावर टिपून वाळवायचा. आता चोवीस पुरले.

त्या आनंदात प्रयोगशाळेत केक कापला. फर्गसने बशी बाजूला सरकवली.

“काय हो काका, डॉक्टरांनी गोड तोडलं वाटतं?” एल्स्पेथ म्हणाली. “आणि दुसऱ्या इमारतीत नेलेले माझे वाचलेले छत्तीस जण कसे आहेत?”

फर्गसने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“तुझ्या नव्या रीतीला परवानगी आली तेव्हा साठच्या साठ उंदीर आधीच येऊन पडले होते, पोरी. बाहेर पडलेलं जनावर पैदासवाला परत घेत नाही. दुसऱ्या इमारतीत कुणी गेलंच नाही. प्रयोगात असते तर महिनाभर तरी जगले असते. मंगळवारी तू कागद वाळत घालत होतीस ना, तेव्हा मी त्या छत्तीसांना गॅस देऊन संपवलं.”