ओडिलचा अंगठा

शर्यतीच्या तिसऱ्या फेरीलाही वेर्ले सायकल बदलायला वळली नाही.

सायकल बदलायच्या जागेभोवतीच्या दोरीच्या आत तिचा बाप, ओडिल, धुऊन पुसून लख्ख केलेली दुसरी सायकल धरून उभा होता. एक हात सीटवर, एक हँडलवर, अंग जरासं पुढे झुकलेलं. गेली पंधरा वर्षं तो दर रविवारी असाच उभा राहत आला होता. वेर्लेने यायचं, बर्फाचिखलाने जड झालेली सायकल टाकायची, ही घेऊन पळायचं. ती परत येईपर्यंत त्याने टाकलेली धुऊन ठेवायची. आज ती त्याच्याकडे न बघताच पुढे निघून गेली.

"काय ओडिल, पोरगी रुसली वाटतं!" बियरचा ग्लास उंचावत कुणीतरी ओरडलं. "का सायकल विकायला उभा आहेस?"

लोक खो खो हसले. वेर्लेला ते हसू मागून ऐकू आलं आणि तिचा जीव कळवळला.

बर्फावरची शर्यत टायरमधल्या हवेवर ठरते. हवा जरा जास्त झाली की उतारावर चाक निसटलंच म्हणून समजा. बाकी सगळे मेकॅनिक काट्याने हवा मोजत. ओडिल अंगठ्याने टायर दाबायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झालं!" अख्ख्या फ्लँडर्स प्रांतात त्या अंगठ्याचं नाव होतं. शेजारी उभ्या राहणाऱ्या मेकॅनिक फिर्मिनला तर तो सतत छळायचा. "टायरला ताप आलाय का रे, सारखा मोजतोस तो?"

ऑक्टोबरात ओडिलला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं परतलं, अंगठ्यातली जाणीव काही परतली नाही. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. वेर्लेला कळलं ते स्वयंपाकघरात. कॉफीच्या गरम भांड्याला त्याचा अंगठा टेकला होता आणि बाप शांतपणे पेपर वाचत होता. तिने हळूच भांडं बाजूला सरकवलं. तीही काही बोलली नाही. तेव्हापासून शर्यत सुटायच्या आधी, रांगेत उभी राहिल्यावर, ती बुटाची पट्टी आवळायच्या निमित्ताने वाकायची आणि आपल्या सायकलच्या टायरमधली जास्तीची हवा सोडायची. दोन महिने मैदानं कोरडी मिळाली, सायकल बदलायची वेळच आली नाही. आज आली.

आणि आज पहिल्या तिघींना देशाच्या संघात जागा होती. वेर्ले बत्तीस वर्षांची होती, असा दिवस तिच्या वाट्याला पुन्हा येणार नव्हता. ती तिसरी होती. चौथी तिच्या मागच्या चाकाला चिकटूनच होती. बापाच्या हातातली सायकल घेतली तर पहिल्याच उतारावर आपटणार. नाही घेतली तर चारचौघांत त्याची शोभा होणार. तिने शर्यत धरली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या फेरीला चाकांत बर्फ साचून गिअर कुरकुरायला लागला. ओडिल दोरीला अगदी खेटून उभा होता.

"वेर्ले! अगं, घे की! गोठलीय सगळी ती!"

"चालतेय, बाबा!"

"कसली चालतेय? इथपर्यंत आवाज येतोय!"

ती थांबली नाही. जाता जाता तिने पाहिलं, तो तिच्या टायरकडे बघत होता. मऊ, बर्फावर पसरलेला टायर. मग त्याने हातातल्या सायकलच्या टायरकडे पाहिलं. थोबाडीत बसावी तसा त्याचा चेहरा झाला.

पाचव्या फेरीला तो सायकल धरून उभा नव्हता. सायकल फिर्मिनच्या हातात होती. फिर्मिन चाकापाशी गुडघे टेकून बसला होता आणि त्याचा अंगठा टायरवर होता. ओडिल बाजूला उभा होता, कानटोपी काढून, डोक्यावर बर्फ पडत असताना.

"किती सोडू?" फिर्मिन विचारत होता.

"तुला ठीक वाटेल तेवढी."

आता कुणी हसत नव्हतं. वेर्लेला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला आणि तिने बाहीने डोळे पुसले.

शेवटच्या फेरीला गिअर पुरता अडकला. चौथी तिला ओलांडून पुढे गेली. वेर्ले आत वळली, सायकल टाकली, दुसरी घेतली. ओडिल तिच्या पाठीला हात लावून चार पावलं पळाला, बर्फात अडखळला, ओरडला, "जा! जा, पोरी!" उतारावर चौथीचं चाक निसटलं. वेर्लेचं बसलं, घट्ट. हवा अगदी हवी तेवढी होती. ती तिसरी आली.

सगळे निघून गेल्यावर बाप-लेक गाडीपाशी उरले. ओडिल सायकली पुसत होता. एक दांडी त्याने तीनदा पुसली.

"फिर्मिनशी बोललोय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारपासून तुझंही तोच बघेल. हो म्हणाला. माणूस चांगला आहे तसा."

"बाबा, मला तुला असं सगळ्यांसमोर..."

"गप गं. शर्यत होती ती. बरोबर केलंस." त्याने फडकं पिळलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "मी दोरीच्या बाहेर उभा राहीन. वरच्या टेकाडावर. तिथून सगळी शर्यत दिसते म्हणे."

"दिसते, बाबा."

"बघेन की मग. पंधरा वर्षांत तुला शर्यतीत पळताना मी कधी पाहिलंच नाही."