इस्त्री

"आत्ता हसून घे पोटभर. बाळंतपणानंतर जमेलच असं नाही," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी त्यावरही हसले. त्यांच्या चेहऱ्याची घडी कधी मोडत नाही, म्हणून घरात त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणतात. नाव मीच पाडलेलं.

माझं बाळ अडलं, चिमटा लावून काढावं लागलं. काल जेवताना नवरा कानात कुजबुजला, "इस्त्री आज तापलीय." मी खो-खो हसले आणि खुर्ची ओली झाली. कोणाच्या लक्षात यायच्या आत जाऊबाईंनी पाण्याचा जग माझ्या मांडीवर उपडा केला.

"अगं बाई! वेंधळीच मी. जा, कपडे बदलून ये."

त्यांचा मुलगा आता कॉलेजात जातो. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नाही. तुमच्या घरात न हसणारी कोणी असेल, तर तिला आजच बाजूला घेऊन विचारा.