नेर्मिनचं दार

“शहर म्हणजे माणसाने काळाशी केलेला करार असतो,” राजाभाऊंनी जाहीर केलं. “आणि तुमच्याकडे एसी फार आहे.”

विभावरीने सासऱ्यांना सकाळीच बजावलं होतं: इस्त्रीचा शर्ट, बूट आणि बंद तोंड. पैकी शर्टाचं जमलं होतं.

दुबईच्या देरा भागातल्या त्या गॅलरीत आज तिच्या नोकरीचा फैसला होता. इस्तंबूलच्या कलाकार नेर्मिनचं ‘घर’ महिनाभर मांडलेलं होतं. एक जुनं निळं दार, चौकट, दगडी उंबरठा. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. नेर्मिनची गल्ली पाडून तिथे टॉवर उभा राहिला. तिला एवढंच वाचवता आलं. लोक येत, दाराशी सेल्फी काढत आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारत. आज संग्रहालयाच्या जहांआरा मॅडमनी ते घेतलं नाही, तर दार परत गोदामात आणि विभावरीचं कॉन्ट्रॅक्ट खलास.

“बाबा, बघून घ्या हवं तर. पण हात लावू नका हं कशाला.” एवढं म्हणेपर्यंत तिचा फोन वाजला.

राजाभाऊ दारातून आत गेले. आत घर नव्हतं, म्हणून वळसा घालून बाहेर आले. तोवर जहांआरा मॅडम आणि नेर्मिन दारासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. राजाभाऊ अदबीने बाजूला थांबले.

मॅडम जरा खाली वाकल्या. उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे त्या बघत होत्या. टाचेला झिजलेल्या, पण नीट जोडीने लावलेल्या.

“म्हणजे आत कुणीतरी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “घर पडलं, पण माणूस आत आहे.”

नेर्मिनने चपलांकडे पाहिलं, मग राजाभाऊंकडे. “हे काम आज सकाळीच पूर्ण झालं,” ती म्हणाली.

फोन संपवून विभावरी धावत आली. दोघींच्या पाठींमुळे तिला पुढचं काही दिसेना. दिसले ते फक्त राजाभाऊ. या पायावरून त्या पायावर होत, डोळ्यांत पाणी, नजर उंबरठ्यावर.

मॅडमनाही ते दिसलं. “अंकल, आप तो कब से यहीं खड़े हैं?”

“इसको छोड़के हम कैसे जाएगा?” राजाभाऊ म्हणाले.

मॅडमनी तिथल्या तिथे सही केली. “आहे तसंच हवं. काहीही हलवायचं नाही.” गॅलरीच्या झुबेरने लगेच भोवती लाल दोरी बांधली. नेर्मिन हसत होती, महिनाभरात पहिल्यांदाच.

विभावरीने राजाभाऊंचे हात धरले. “बाबा, तुमच्यामुळे झालं हे. मागा, काय हवं ते मागा.”

“फार काही नको,” राजाभाऊ म्हणाले. “टॅक्सी तेवढी अगदी दाराशी लावायला सांग. माझ्या चपला दोरीच्या आत राहिल्यात.”