लिफ्टमधला वास

तिने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या. काही नाही. नुसता घाम. सुटले एकदाची, असं म्हणत तिने शर्ट बादलीत टाकला.

दोन महिने त्याच्या शर्टांना येणाऱ्या बायकी अत्तराने तिला जाळलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात नवी आलेली कुरळ्या केसांची वकीलबाई तेच लावते, हे तिने ऑफिसच्या जेवणात मुद्दाम तिच्या शेजारी बसून पक्कं केलं होतं. बाई दिसायला बरी, हसायला त्याहून बरी.

"लिफ्टमध्ये माणसं कोंबलेली असतात गं," नवरा म्हणायचा. "कुणाचाही वास लागतो."

हिने अबोला धरला, भांडी आपटली, त्याचा मोबाइल चोरून पाहिला. रोज शर्ट हुंगायचा नेम मात्र सोडला नाही. मग वास फिका होत गेला आणि आज पार गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी तिने त्याची माफी मागितली.

"जाऊ दे गं, झालं गेलं," तो मोठ्या मनाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गुणगुणत आली. नवे साहेब बशीतल्या मज्जातंतूच्या टोकांवर औषधाचे थेंब टाकत बसले होते. पहिल्या थेंबाला पडद्यावरची रेघ ताडकन उडाली होती, दहाव्याला जागची हलेना.

"औषध उतरलेलं दिसतंय," साहेब वैतागले.

"औषधाला काही झालेलं नाही, साहेब. टोकं सरावलीत," ती हसून म्हणाली. पंधरा वर्षं तिचं हेच काम होतं. "धुऊन काढा, जरा विसावा द्या. मग बघा कशी उडतात."

पुढे ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. दहा दिवस नाकात फक्त बाळाचा आणि डेटॉलचा वास. परतली ती रविवारी दुपारी. ऑफिस बंद, नवरा घरी. त्याने दार उघडलं, बॅग घेतली, तिला जवळ ओढलं.

तेच अत्तर तिच्या नाकात झणकन शिरलं. अगदी पहिल्या दिवसाइतकं. ती त्याच्या मिठीतून मागे सरली. याच माणसाची तिने हात धरून माफी मागितली होती.

तिचा चेहरा बघून तो चिडला. "आता पुन्हा तो वास आला म्हणू नकोस!"

"पुन्हा नाही," ती म्हणाली. "तो गेलाच नव्हता."