मापातला स्वेटर

चाळीस वर्षांपूर्वी डोंगरात कोसळलेलं लष्करी विमान यंदा बर्फ वितळल्यावर सापडलं. त्यातलं कुणीच वाचलं नव्हतं. अधिकाऱ्याने आजींपुढे एक स्वेटर ठेवला. "तुमच्या यजमानांचा का?"

आजींनी दोन्ही बाह्या जुळवून पाहिल्या. "छे! मी विणलेल्याची डावी बाही चांगली वीतभर लांब होती. पहिलाच स्वेटर, ओळी मोजताना घोळ झाला. आणि हे पत्रात लिहितात कसे, 'अगदी मापात बसला, रोज घालतो.' शुद्ध थाप!"

नातीने डावी बाही उलटी केली. आत वीतभर लोकर दुमडून खाकी दोऱ्याने हे एवढाले ओबडधोबड टाके घातले होते.

"अगं बाई!" आजी खुदकन हसल्या. "म्हणजे खरंच घालत होते की!"